आजोबांची पेन्शन तेवढीच, मग जीएसटीचे पैसे येतात कुठून?

आजचा विषय टॅक्सचा आहे, पण लगेच पुढचा एपिसोड लावू नका. आज स्लॅब पाठ करायचे नाहीयेत. एकच प्रश्न घेऊन बसलोय. ज्याची दर महिन्याची कमाई ठरलेली आहे आणि वाढणारच नाही, अशा माणसावर देशभर लागणारा विक्रीकर नेमका काय परिणाम करतो? देशभरचा विक्रीकर म्हणजे आपल्याकडे जीएसटी. आणि ठरलेली कमाई म्हणजे घरातले निवृत्त लोक. आजी, आजोबा, काही जणांचे आई-बाबा.

"आजोबा कुठे टॅक्स भरतात?" हे वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकलंय. आजोबा स्वतःही सांगतात, जरा अभिमानानेच, "आपलं काही टॅक्सेबल नाही बाबा." इन्कम टॅक्सपुरतं ते बहुतेकदा खरं असतं. नव्या पद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला साधारणपणे कर पडत नाही. महिना तीन-चार हजार पेन्शन आणि थोडं एफडीचं व्याज, एवढ्यावर जगणारा माणूस त्या मर्यादेच्या आसपासही पोचत नाही.

पण तुम्ही त्यांच्या मोबाइलला २९९ चा रिचार्ज मारता ना, त्यातले साधारण ४५ रुपये ६० पैसे जीएसटीचे असतात. रिचार्जवर १८ टक्के कर आहे आणि तो किमतीच्या पोटातच असतो, वेगळा दिसत नाही. २८ दिवसांचा प्लॅन असेल तर वर्षात १३ रिचार्ज होतात. म्हणजे फक्त फोन चालू ठेवायला आजोबांनी वर्षाला सहाशेच्या आसपास टॅक्स भरला. आणि तुम्ही? तुम्हीही तेवढाच भरला. तुमचा पगार ४० हजार असो नाहीतर ४ लाख, तोच प्लॅन, तोच टॅक्स.

मुद्दा इथेच सुरू होतो. इन्कम टॅक्सला तुमचं वय कळतं. जुन्या पद्धतीत ६० वर्षांनंतर ३ लाखांपर्यंत आणि ८० नंतर ५ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त आहे. म्हणजे कायदा विचारतो, तुम्ही कोण, वय किती, कमावता किती. विक्रीकर यातलं काहीच विचारत नाही. तो फक्त विचारतो, काय घेतलंत? काउंटरवर उभा माणूस २५ वर्षांचा आहे की ७८ चा, हे बिलिंगच्या मशीनला कळत नाही.

आता कुणी म्हणेल, मग त्यात काय, म्हातारी माणसं खर्चच किती करतात? तर करतात. फरक असा, की आपण कमावतो त्यातला काही भाग बाजूला पडतो, एसआयपीत जातो, आरडीत जातो. त्या बाजूला ठेवलेल्या पैशावर आज विक्रीकर लागत नाही. पेन्शनवर जगणारा माणूस महिन्याचे सगळेच पैसे महिन्यात संपवतो, वर साठवलेल्यातलेही काढतो. त्यामुळे त्याच्या कमाईच्या मानाने विक्रीकराचा हिस्सा जास्त बसतो. आणि जे पैसे तो आता काढतोय, ते त्याने नोकरीत असताना, जमेल तसा इन्कम टॅक्स भरून साठवलेले असतात. तेव्हा कमावताना कर, आता खर्च करताना कर.

इथे जीएसटीवर अन्याय नको करायला. १ जुलै २०१७ च्या आधी आपल्याकडे विक्रीवरचे कर नव्हते असं काही नाही. एक्साइज होती, राज्याचा व्हॅट होता, सर्व्हिस टॅक्स होता, शिवाय काही ठिकाणी जकात आणि एलबीटी. साबणाच्या वडीत दोन-तीन कर एकावर एक बसलेले असायचे, फक्त बिलावर दिसायचे नाहीत. जीएसटीने ते एकत्र केले, आणि बऱ्याच वस्तूंवरचा एकूण भार थोडा कमीही झाला. सुटं धान्य, ताजी भाजी, दूध यांवर जीएसटी नाही. डॉक्टरांची फी, हॉस्पिटलचे उपचार, यांवरही नाही. तेव्हा "जीएसटी आला आणि म्हातारे लुटले गेले" असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही.

खरं थोडं वेगळं आहे, आणि ते किराण्याच्या पिशवीत नीट दिसतं.

१८ जुलै २०२२ आठवतंय का? त्या दिवसापासून पाकीटबंद आणि लेबल लावलेलं पीठ, तांदूळ, डाळ, दही, ताक यांवर ५ टक्के जीएसटी लागला. त्याआधी ब्रँडेड मालालाच लागायचा. त्यात नियम असा, की धान्याचं किंवा पिठाचं पाकीट २५ किलोपर्यंतचं असेल तर कर, त्याच्या वर असेल तर नाही. सुटं घेतलं तर नाही. आता विचार करा, तीस किलोचं पोतं कोण घेतं? मोठं कुटुंब, खानावळ, हॉटेल. आणि एक-एक किलोचं पाकीट कोण घेतं? दोनच माणसांचं घर. ज्यांना पोतं उचलवत नाही, निवडायला-दळायला होत नाही, ज्यांच्याकडे साठवायला जागा नाही. नियम करताना कुणाच्या मनात म्हाताऱ्यांना त्रास द्यायचं नसणार. पण छोटं पाकीट ही म्हातारपणाची गरज आहे, आणि कर नेमका छोट्या पाकिटावर बसला.

यात आपलाही हात आहे बरं का. आजी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सुटी तूरडाळ आणायची, शून्य टक्के. आपण प्रेमाने म्हणतो, "आजी, तू कशाला जातेस उन्हात, मी अ‍ॅपवरून पाठवतो." अ‍ॅपवरून येतं ते पाकीटबंद, त्यावर कर. डिलिव्हरी चार्ज लागला तर त्यावर १८ टक्के वेगळा. रक्कम लहान आहे, मान्य. उन्हात जाण्यापेक्षा ते परवडलं, तेही मान्य. पण टॅक्स कसा लागतो ते समजायला हे उदाहरण चांगलं आहे: वय वाढतं तसा माणूस सुट्याकडून पाकिटाकडे आणि वस्तूंकडून सेवांकडे सरकतो.

सेवा, म्हणजे सर्व्हिसेस. निवृत्त माणसाच्या महिन्याचा हिशोब काढलात तर कपडे, गाडी, फर्निचर यांवर फारसा खर्च नसतो. फोन, केबल, बँकेचे चार्जेस, आणि सगळ्यात मोठा म्हणजे मेडिक्लेमचा हप्ता. वस्तूंवरचा भार जीएसटीने काही ठिकाणी कमी केला, पण सेवांवरचा वाढवला. आधी सर्व्हिस टॅक्स सेस धरून १५ टक्के होता, तो १८ झाला. म्हणजे बदलाचा फायदा ज्या बाजूला होता तिकडे आजोबा कमी खरेदी करतात, आणि तोटा ज्या बाजूला होता तिकडे जास्त.

मेडिक्लेमवर जरा थांबूया, कारण इथे रकमा मोठ्या आहेत.

समजा ७० वर्षांच्या जोडप्याचा मूळ हप्ता वर्षाला ४०,००० आहे. हा आकडा मी हिशोबासाठी धरतोय, तुमच्या घरचा वेगळा असेल. जून २०१७ मध्ये त्यावर १५ टक्क्यांनी ६,००० कर पडला असता. जुलैपासून १८ टक्क्यांनी ७,२००. म्हणजे भरायचे ४७,२००. कर महिन्यावर वाटला तर ६०० रुपये. ज्याची पेन्शन ३,००० आहे, त्याची पेन्शनच्या पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम फक्त विम्यावरच्या करात चालली होती.

आणि या कराची गंमत अशी, गंमत म्हणजे चीड येणारी गंमत, की तो वयाबरोबर वाढतो. पंचविशीत हप्ता लहान, म्हणून कर लहान. सत्तरीत हप्ता मोठा, म्हणून कर मोठा. दर दोघांना १८ टक्केच. कागदावर अगदी समान वागणूक!

२०२४ मध्ये हा विषय तापला, आणि त्याचा धागा महाराष्ट्रातला आहे. नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेने निवेदन दिलं, आणि त्यावरून नितीन गडकरींनी त्या वर्षीच्या जुलैमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिलं, की आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी काढा. एक केंद्रीय मंत्री दुसऱ्या केंद्रीय मंत्र्याला असं पत्र लिहितो, म्हणून बातमी मोठी झाली. वर्षभर चर्चा, मंत्रिगट, बैठका. शेवटी ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी काउन्सिलच्या ५६ व्या बैठकीत निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविमा आणि आयुर्विमा यांच्या हप्त्यावरचा कर शून्य झाला. त्याच दिवसापासून बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ वर, चष्मा १२ वरून ५ वर, शुगर तपासायचं मशीन आणि त्याच्या पट्ट्याही ५ वर.

निवृत्त लोकांसाठी २०१७ नंतरचा हा सगळ्यात चांगला बदल, यात मला शंका नाही. महिन्याला २,००० ची औषधं लागत असतील आणि ती सगळी १२ टक्क्यांतली असतील, तर साधारण १२५ रुपये सुटायला हवेत. हप्त्याचे ७,२०० सुटले. छान.

आता दोन 'पण' आहेत.

पहिला पण इनपुट टॅक्स क्रेडिटचा. नाव मोठं आहे, गोष्ट सोपी. विमा कंपनी स्वतःही खर्च करते. एजंटचं कमिशन, ऑफिसचं भाडं, सॉफ्टवेअर, जाहिराती. त्या खर्चावर तिला जीएसटी पडतो. पूर्वी ती तुमच्याकडून १८ टक्के घ्यायची, त्यातून स्वतः भरलेला कर वजा करायची आणि उरलेला सरकारला द्यायची. आता तुमच्याकडून कर घ्यायचाच नाही, म्हणून वजा करायलाही मिळत नाही. तिने भरलेला जीएसटी तिच्याच अंगावर. मग तो जातो कुठे? काही कंपन्यांनी एजंटांच्या कमिशनमधून तो वळता केला. पुढे मूळ हप्ता ठरवताना तो आत शिरला तर बिलावर "जीएसटी शून्य" असंच लिहिलेलं राहील. करमाफी म्हणजे करमुक्ती नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरा पण जास्त महत्त्वाचा वाटतो मला. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सांगितलं की ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. चांगला नियम आहे. पण १० टक्क्यांपर्यंत वाढवायला विचारायची गरज नाही. आता आपलं उदाहरण पुढे चालवा. मूळ हप्ता ४०,०००. एका वर्षाने १० टक्के वाढला, ४४,०००. आणखी एका वर्षाने ४८,४००. कर धरून आजोबा आधी भरत होते ४७,२००. म्हणजे दोनच वर्षांत करमाफीचा अख्खा फायदा संपून ते आधीपेक्षा १,२०० रुपये जास्त भरतील, एक पैसा कर नसताना.

ही दोन वर्षांत उडून जाणारी सूट त्यांना जाणवते कारण दुसऱ्या बाजूचा आकडा हलत नाही. पेन्शनचा.

शिवाय ही माफी वैयक्तिक पॉलिसीला आहे, फॅमिली फ्लोटर धरून. ग्रुप पॉलिसीला नाही. निवृत्त झाल्यावर जुन्या संस्थेच्या किंवा संघटनेच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये राहिलेले बरेच लोक आहेत, कारण त्या वयात नवी वैयक्तिक पॉलिसी सहज मिळत नाही. हप्ता ते स्वतःच्या खिशातून भरतात, पण पॉलिसी ग्रुप म्हणून १८ टक्के कायम. सूट द्यायची तर कुणाला द्यायची, याचा विचार पॉलिसीच्या नावाऐवजी हप्ता भरणाऱ्या माणसाकडे बघून व्हायला हवा होता, असं माझं मत.

चला, आता पेन्शनकडे.

'पेन्शनर' हा एक शब्द आहे, पण त्यात वेगवेगळी माणसं आहेत. सरकारी नोकरीतून जुन्या योजनेत निवृत्त झालेल्यांना महागाई भत्ता असतो. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा, महागाईच्या निर्देशांकाला बांधून तो वाढतो. कर वाढला, किमती वाढल्या, निर्देशांक वाढला, की उशिरा का होईना भत्ता वाढतो. त्यांना विक्रीकराचा धक्का लागतो, पण खाली गादी आहे.

दुसरीकडे ईपीएस-९५. कर्मचारी पेन्शन योजना, नोव्हेंबर १९९५ पासूनची. एसटीचे कंडक्टर, साखर कारखान्यातले फिटर, सहकारी बँकांतले क्लार्क, एमआयडीसीतल्या खासगी कंपन्यांतले कामगार, हे सगळे यात येतात. देशभरात ७५ लाखांहून जास्त पेन्शनधारक. सूत्र असं: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, सप्टेंबर २०१४ पासून धरताना मर्यादा १५,००० ची. त्याआधी ती ६,५०० होती, आणि त्याआधी आणखी कमी. १५,००० वर वीस वर्षं नोकरी झाली तरी हिशोब येतो ४,२८५ रुपये महिना. ज्यांची बरीचशी वर्षं २०१४ च्या आधीची आहेत त्यांना याहून कमी. किमान पेन्शन १,००० रुपये, हा आकडा २०१४ मध्ये ठरला आणि २०२५ मध्येही तोच होता. आणि यात महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्यात जो आकडा बसला, तो बसला.

म्हणून बुलढाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये या पेन्शनधारकांनी साखळी उपोषण सुरू केलं. मागणी किमान ७,५०० पेन्शन, त्यावर महागाई भत्ता आणि मोफत औषधोपचार. बातम्यांत ७,५०० चा आकडाच जास्त गाजतो. माझ्या मते खरा जीव "त्यावर महागाई भत्ता" या तीन शब्दांत आहे. कारण भत्ता नसेल तर ७,५०० सुद्धा दहा वर्षांनी आजच्या १,००० सारखेच उपरे वाटायला लागतील. साधा हिशोब: महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर साधारण १४ वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. साठीत निवृत्त झालेला माणूस ७४ चा होतो तेव्हा त्याची पेन्शन कागदावर तीच, बाजारात अर्धी.

तिसरी मंडळी ज्यांनी रक्कम देऊन विमा कंपनीकडून आयुष्यभराची अ‍ॅन्युइटी घेतली. तीही साधारणपणे ठरलेली रक्कम. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी अशी पॉलिसी एकरकमी घेताना १.८ टक्के जीएसटी पडायचा. १० लाख गुंतवले तर १८,००० कर. एनपीएसमधून घेतलेल्या अ‍ॅन्युइटीला तो नव्हता. म्हणजे पेन्शन विकत घ्यायलाच काहींना विक्रीकर! यावर मी जास्त बोलत नाही, नाहीतर एपिसोड संपणार नाही.

आणि ज्यांना यातलं काहीच नाही, त्यांच्यासाठी आपल्या राज्यात श्रावणबाळ योजनेचे महिना १,५००. त्यात केंद्राचा वाटा ६० ते ७९ या वयासाठी २०० रुपये. २००७ मध्येही तो २०० च होता. या माणसांच्या धान्यावर कर नाही, हे खरं. पण साबण, चहापत्ती, गोळ्या, गॅस, रिचार्ज यांवर आहे.

हे प्रश्न फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही. अमेरिकेत १९९९ पासून 'फेअर टॅक्स' नावाचं एक विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातं. इन्कम टॅक्स पूर्ण बंद करा आणि त्याऐवजी देशभर एकच विक्रीकर लावा, अशी कल्पना. दर २३ टक्के म्हणून सांगतात, पण तो करासकट किमतीवर मोजलेला आहे. १०० डॉलरच्या वस्तूवर कर ३० डॉलर, एकूण १३०, आणि १३० पैकी ३० म्हणजे २३ टक्के. आपल्या पद्धतीने मोजला तर तो ३० टक्के होतो. आकडा कसा सांगावा याचंही शिक्षण घ्यावं लागतं! गरिबीरेषेपर्यंतच्या खर्चावरचा कर दर महिन्याला प्रत्येक कुटुंबाला आगाऊ परत द्यायचा, अशी सोयही त्यात आहे. ते विधेयक आजवर मंजूर झालेलं नाही. पण निवृत्तांचा प्रश्न त्यात फार स्वच्छ दिसतो. नोकरी करणाऱ्याला इन्कम टॅक्स बंद झाल्याने हातात जास्त पगार पडेल, त्यातून तो महाग वस्तू घेईल. निवृत्ताचा पगारच नाही. त्याने आयुष्यभर इन्कम टॅक्स भरून साठवलं, आणि खर्च करायच्या वेळी कर दुसऱ्या दारातून आला. त्यांची सरकारी पेन्शन, सोशल सिक्युरिटी, निदान महागाईला बांधलेली आहे. स्वतःची बचत बांधलेली नाही.

मग करायचं काय, विक्रीकर लावायचाच नाही का? ऑस्ट्रेलियाने दिलेलं उत्तर मला पटतं. तिथे १ जुलै २००० ला १० टक्के जीएसटी सुरू झाला. त्याच दिवशी सरकारी पेन्शन ४ टक्क्यांनी वाढवली. सहा महिन्यांनी नाही, कुणी उपोषणाला बसल्यावर नाही, त्याच तारखेला. ताजे अन्नपदार्थ आणि वैद्यकीय सेवा करातून बाहेर ठेवल्या ते वेगळंच. पेन्शन १० ऐवजी ४ टक्केच का वाढवली? कारण सगळ्याच वस्तूंवर कर नव्हता आणि काही जुने कर गेले होते. तो आकडा पुरेसा होता की नाही यावर वाद घालता येईल. पण कर आणि पेन्शन एकाच टेबलावर, एकाच कागदावर होते.

आपल्याकडे ही दोन टेबलं आहेत. जीएसटीचे दर काउन्सिल ठरवते. त्यात केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. ईपीएसचा विषय कामगार मंत्रालय आणि ईपीएफओकडे. श्रावणबाळ राज्य सरकारकडे. जुलै २०२२ मध्ये पिठावर ५ टक्के बसले तेव्हा १,००० रुपये पेन्शनवाल्याचं काय, हा प्रश्न विचारणं कुणाच्याही कामाच्या यादीत नव्हतं. कुणी वाईट आहे म्हणून नाही, तो प्रश्न ज्या खोलीत विचारायचा ती खोलीच नाही म्हणून. दर कमी करा, ही मागणी बरोबर आहे, आणि २०२५ मध्ये ती बरीचशी ऐकली गेली. पण दर पुन्हा वाढू शकतात, मूळ किमती तर वाढतातच. पेन्शन महागाईला बांधलेली असेल तर १८ टक्केही सोसता येतात. बांधलेली नसेल तर शून्य टक्क्याची मजा दोन वर्षं, मघाशी बघितलं तसं.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो आणि थांबतो.

घरातल्या ज्येष्ठांची मेडिक्लेमची रिन्यूअल नोटीस मागून घ्या. वैयक्तिक पॉलिसी असेल तर जीएसटीच्या रकान्यात शून्य पाहिजे. मग मूळ हप्ता मागच्या वर्षीच्या मूळ हप्त्याशी ताडून बघा, एकूण रकमेशी नाही. एकूण बघितलंत तर वाढ कराच्या घटीमागे लपते. ६० च्या पुढच्यांना १० टक्क्यांहून जास्त वाढ दिसली तर कंपनीला लेखी विचारा.

औषधांचं बिल बघा. एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यावर वेगळा जीएसटी कुणी लावत असेल तर ते चूक आहे. सप्टेंबर २०२५ च्या आधीचं एखादं बिल सापडलं तर त्याच गोळ्यांची किंमत उतरली का तेही कळेल. करकपातीचा फायदा ग्राहकाला देत नाहीत म्हणून तक्रार करायची जी खास यंत्रणा जीएसटीबरोबर आली होती, ती १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेत नाही. म्हणजे सगळ्यात मोठी कपात झाली तेव्हा ते दार आधीच बंद झालेलं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मात्र आहे, नंबर १९१५. फोन तुम्ही लावा, आजोबांना मेन्यूतले आकडे दाबत बसवू नका.

हॉस्पिटलमध्ये दाखल करायची वेळ आली तर खोलीचं भाडं विचारा. आयसीयू सोडून दिवसाला ५,००० च्या वर भाडं असलेल्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. ६,००० ची खोली पाच दिवस घेतली तर १,५०० रुपये कराचेच.

आणि आजी-आजोबांची पेन्शन कुठल्या योजनेतली आहे, तिला महागाई भत्ता आहे का, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आज विचारा. त्यांचा आकडा आणि योजनेचं नाव मला व्हॉइस नोटवर पाठवा, माणसाचं नाव नको. पुढच्या भागात ईपीएसमधल्या वाढीव पेन्शनच्या अर्जांबद्दल बोलणार आहे, तुमचे प्रश्न त्यातच घेतो. भेटू पुढच्या आठवड्यात.